भवानराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (२४ ऑक्टोबर, १८६८ – १३ एप्रिल, १९५१) हे सातारा भागातील औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार, लेखक आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक होते. १९०९ पासून १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांनी राज्यकारभार पाहिला. संस्थानातील शाळांमध्ये मुलामुलींच्या दैनंदिन व्यायामाची रीत त्यांनी घातली आणि व्यायामाला योग्य आहाराची जोड असावी असा आग्रह धरला. सूर्यनमस्कार आज ज्या दहा अवस्थांच्या स्वरूपात ओळखले जातात, त्या स्वरूपाचा प्रसार मुख्यतः औंधहून झाला. १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेकडे सोपविणारे राजे म्हणूनही ते इतिहासाला परिचित आहेत.

घराणे आणि शिक्षण

प्रतिनिधी हे मराठेशाहीतील एक उच्च पद होय. छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजी येथे असताना ते निर्माण केले. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्याकडे आले आणि औंधचे संस्थान त्याच घराण्याचे होय. औंध येथील डोंगरावरची यमाई ही घराण्याची कुलदेवता आहे. भवानरावांचे वडील श्रीनिवासराव यांनी दीर्घकाळ राज्य केले. त्यांच्या घरात नमस्कारांचा व्यायाम नित्याचा होता, त्यामुळे भवानरावांना तो लहानपणापासून पाहून ठाऊक होता.

त्यांचे शालेय शिक्षण औंध व सातारा येथे झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी बी. ए. ची पदवी घेतली. त्या काळच्या संस्थानिकांच्या मुलांत विद्यापीठाची पदवी घेणारे थोडेच होते. चित्रकला, संगीत आणि कीर्तन यांची गोडी त्यांना तरुणपणापासून होती. श्रीनिवासरावांच्या निधनानंतर गादी प्रथम त्यांच्या वडील भावाकडे व नंतर पुतण्याकडे गेली. पुतण्याला पदच्युत करण्यात आल्यावर १९०९ मध्ये इंग्रज सरकारने भवानरावांना गादीवर बसविले. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षांचे होते.

संस्थानाची स्थिती

औंध संस्थान लहान होते. त्यात ७२ गावे होती आणि तीही सलग नव्हती. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापुराकडील गुणदाळ असे त्याचे विखुरलेले भाग होते. त्यांपैकी औंध आणि आटपाडीचा बराचसा मुलूख पर्जन्यछायेत येतो. पाऊस अल्प, शेती कोरडवाहू आणि दुष्काळ वारंवार येणारा अशी तेथील परिस्थिती होती. ज्वारी व बाजरी ही मुख्य पिके असत. रयतेच्या हाती पैसा फारसा नसे आणि संस्थानाचे उत्पन्नही बेताचेच होते.

भवानरावांच्या कारभाराचे स्वरूप या मर्यादेतून घडले. कुंडलजवळ लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना त्यांनी जागा दिली आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. ओगलेवाडीच्या काचकारखान्यालाही संस्थानाचा आधार मिळाला. शिक्षणप्रसार हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. औंधच्या शाळेत बाहेरगावची गरीब मुले शिकण्यास येत. साने गुरुजी काही काळ तेथे विद्यार्थी होते, ग. दि. माडगूळकर यांचे शिक्षणही औंधला झाले. अशा शाळांत सुसज्ज व्यायामशाळा, साहित्य आणि प्रशिक्षित शिक्षक पुरविणे संस्थानाला झेपणारे नव्हते. बिनखर्चाच्या व्यायामाकडे ते वळले त्यामागे हेही एक कारण होते.

व्यायामाचा शोध

आरंभी भवानराव स्वतः पाश्चात्त्य पद्धतीचा व्यायाम करीत असत. त्या काळी यूजीन सँडो या शरीरसौष्ठवपटूची कीर्ती हिंदुस्थानभर पसरली होती. १८९७ मध्ये भवानरावांनी सँडोची पुस्तके व उपकरणे मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. छाती व दंड भरले, परंतु पोट व पाठ यांना पुरेसा लाभ होत नाही असे त्यांच्या अनुभवास आले. १९०८ च्या सुमारास त्यांनी सूर्यनमस्कार शास्त्रोक्त रीतीने सुरू केले आणि अखेरपर्यंत तो नेम मोडला नाही. घरातील स्त्रिया व मुलेही नमस्कार घालीत.

महाराष्ट्रात नमस्कार घालण्याची चाल जुनी आहे. समर्थ रामदासांच्या नावाशी ती परंपरेने जोडली जाते. आपण नवा व्यायाम शोधून काढला असा दावा भवानरावांनी केला नाही. प्रचलित रीतींतून एक ठराविक क्रम निश्चित करणे, त्यातील प्रत्येक अवस्थेत हात, पाय, पाठ व मान कोठे असावी हे ठरविणे, तिला श्वासाचा नियम लावणे आणि हे सर्व शिक्षकाला शिकविता येईल अशा सोप्या भाषेत मांडणे, हे त्यांचे काम होय.

या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा अवस्था असतात. हात जोडून ताठ उभे राहण्यापासून आरंभ होतो. नंतर गुडघे न वाकविता पुढे झुकून तळहात जमिनीवर टेकायचे, एक पाय मागे न्यायचा, मग दुसरा पाय मागे न्यायचा. त्यानंतर साष्टांगाची अवस्था येते. तिच्यात दोन पावले, दोन गुडघे, दोन तळहात, छाती व कपाळ एवढीच आठ अंगे जमिनीला लागतात, पोट उचललेले राहते. पुढे छाती वर काढून पाठीची कमान, मग कंबर उचलून शरीराचा डोंगर आणि त्याच क्रमाने परत पूर्वस्थिती. तळहात एकदा टेकले की मधल्या सर्व अवस्थांत ते जागचे हलू द्यायचे नाहीत, हा औंध पद्धतीचा महत्त्वाचा नियम होता. त्यामुळे पायांची झेप आणि कमरेचा वाक यांना माप मिळते व चुकारपणा लगेच दिसून येतो. नमस्कारांबरोबर बीजाक्षरे आणि मित्र, रवी, सूर्य, भानू अशी सूर्याची बारा नावे उच्चारली जात. या उच्चारांमुळे छाती, घसा आणि श्वासपटल यांना व्यायाम होतो, असे भवानरावांचे प्रतिपादन होते.

शाळांतील सूर्यनमस्कार

१९२० च्या दशकात संस्थानातील शाळांच्या वेळापत्रकात सूर्यनमस्कारांना नित्याचे स्थान मिळाले. ते मुलांइतकेच मुलींसाठीही होते. मुलींनी उघड्यावर व्यायाम करणे अनेक घरांत अप्रशस्त मानले जात असे. अशा काळात राजघराण्यातील स्त्रियाच नमस्कार घालतात हे ठाऊक असल्यामुळे पालकांचा विरोध बोथट झाला. लहान मुलांनी मोजक्या नमस्कारांपासून आरंभ करावा, वय व ताकद वाढेल तशी संख्या वाढवावी, दमछाक होईपर्यंत ताणू नये आणि अंगात ताप असताना नमस्कार घालू नयेत, अशी पद्धत होती. एखाद्या दिवशी शंभर नमस्कार घालून नंतर आठवडाभर विसरण्यापेक्षा थोडे नमस्कार रोज घालणे श्रेयस्कर, यावर त्यांचा भर होता.

प्राथमिक शाळेच्या दृष्टीने या व्यायामाचे तीन विशेष होते. पहिला म्हणजे त्याला साहित्य लागत नाही आणि जागाही मुलाच्या उंचीएवढीच पुरते. दुसरा म्हणजे एकच शिक्षक संपूर्ण वर्गाला एका आवाजात तो देऊ शकतो. तिसरा विशेष असा, की त्यात जिंकणे-हरणे नाही. तालमीत अंगाने धट्टीकट्टी मुले पुढे येतात आणि अशक्त मुले मागे राहतात, तर नमस्कारात प्रत्येकाची स्पर्धा कालच्या स्वतःशी असते. ज्या मुलांना व्यायामाची सर्वाधिक गरज असते तीच खेळाच्या मैदानावरून बाजूला पडतात, ही अडचण त्यामुळे काही अंशी दूर झाली.

भवानराव गावोगावच्या दौऱ्यांत शाळांना भेट देत आणि मुलांसमोर स्वतः नमस्कार घालून दाखवीत. उतारवयातही त्यांनी ही रीत सोडली नाही. १९२८ मध्ये त्यांनी सूर्यनमस्कारांचे एक मूक चलच्चित्र तयार करविले.

याच काळात महाराष्ट्रात शारीरिक शिक्षणाचे अन्य प्रयत्नही चालू होते. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले होते. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम स्थापून योगासनांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला आणि पुढे शाळांसाठी सामुदायिक यौगिक व्यायामाची आखणी केली. हे प्रयत्न संस्थांच्या बळावर उभे होते. औंधमध्ये मात्र एका राज्याची संपूर्ण शाळाव्यवस्थाच व्यायामाच्या कार्यक्रमात सामील झाली होती.

आहारविषयक विचार

व्यायामाने शरीर घडते हे खरे असले तरी ते ज्या अन्नातून घडते त्याचा विचार न केल्यास श्रम वाया जातात, ही भवानरावांची भूमिका होती. सूर्यनमस्कारांवरील त्यांच्या लेखनात आहाराला स्वतंत्र स्थान आहे. हातसडीचा तांदूळ, कोंड्यासहित दळलेले पीठ, मोड आलेली कडधान्ये, कच्च्या व हिरव्या भाज्या, फळे, दूध व ताक यांचा त्यांनी पुरस्कार केला. गिरणीत पांढरा शुभ्र केलेला तांदूळ, मैदा, साखर, चहा, कॉफी, तंबाखू व मद्य त्यांनी त्याज्य मानले. भूक लागल्याखेरीज खाऊ नये, घास नीट चावून खावा आणि पोट तुडुंब भरू नये, असेही नियम त्यांनी घालून दिले.

या विचारांमागे परंपरेबरोबर तत्कालीन विज्ञानही होते. तांदळाचा कोंडा काढून टाकल्याने बेरीबेरी हा रोग होतो हे डच वैद्य क्रिस्तियान आइकमन यांच्या संशोधनातून पुढे आले होते. त्याबद्दल १९२९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. जीवनसत्त्व ही संकल्पना १९१२ मध्ये रूढ झाली होती. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचा आहार उंदरांना देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली. अखंड गव्हाची रोटी, दूध, डाळ व ताज्या भाज्या यांवर पोसलेले उंदीर सर्वांत सुदृढ निघाले, तर सडलेल्या तांदळावर भर असलेल्या आहारावरचे खुरटले. हिंदुस्थानातील मुलांच्या अशक्तपणाचे मूळ हवामानात किंवा वंशात नसून ताटात आहे, हा या प्रयोगांचा अर्थ होता.

औंधच्या रयतेला यातील काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत. ज्वारी-बाजरीची भाकरी अखंड धान्याचीच असते. मटकी व हुलगे भिजवून मोड आणण्याची रीत घरोघरी होती. पालेभाज्या रानात व बांधावर मिळत. सुशिक्षित व शहरी घरांत प्रतिष्ठेचे म्हणून जे पांढरे अन्न आणि चहा शिरत होते, त्यांचे अनुकरण खेड्याने करू नये, एवढेच तेथे सांगावे लागे. गरिबाच्या भाकरीला राजाने दिलेली ही मान्यता संस्थानाच्या सामाजिक जीवनात महत्त्वाची ठरली.

लेखन आणि परदेशातील प्रसार

सूर्यनमस्कारांवर भवानरावांनी मराठीत पुस्तक लिहिले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. औंधला स्थायिक झालेले वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही योगासने व सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते होते. १९३६ मध्ये लंडनच्या न्यूज क्रॉनिकल या दैनिकात लुईस मॉर्गन या महिला पत्रकाराने या व्यायामाचा परिचय करून दिला. त्यातून १९३८ मध्ये 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक लंडनमधील डेंट या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. बंगळूरचे प्रसिद्ध व्यायामपटू के. व्ही. अय्यर यांनीही सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. योगासनांच्या वर्गांत जगभर आज जो सूर्यनमस्कार घातला जातो त्याच्या इतिहासात औंधचा उल्लेख अपरिहार्य मानला जातो.

ग्रामराज्याचा प्रयोग

१९३८ च्या आपल्या वाढदिवसाच्या सुमारास भवानरावांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचा मनोदय जाहीर केला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत व मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावची पंचायत हा या घटनेचा पाया होता. शाळा, पाणी, आरोग्य व न्याय या बाबी गावाने स्वतः पाहाव्यात अशी योजना होती.

शाळेतील व्यायामाच्या दृष्टीनेही हा बदल अर्थपूर्ण होता. तोवर मुलांचे नमस्कार राजाच्या इच्छेने चालत. आता शाळा गावाच्या देखरेखीखाली आली आणि ती रीत टिकवायची की नाही, हे बव्हंशी गावकऱ्यांच्या हाती गेले. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिच्यावरून पुढे व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट निघाला. १९४२ च्या आंदोलनात कुंडल परिसर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र होता.

कला आणि साहित्य

भवानराव स्वतः चित्रकार होते. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी १९३२ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या टेकडीवरील श्रीभवानी चित्रसंग्रहालय (१९३८) ही त्यांच्या संग्रहातून उभी राहिलेली संस्था आहे. गावोगावी ते कीर्तने करीत.

आक्षेप आणि मर्यादा

सूर्यनमस्कार सक्तीचे असावेत की ऐच्छिक, हा प्रश्न औंधपासूनच त्यांच्याशी जोडला गेला आहे. मंत्रोच्चार आणि सूर्यपूजा यांमुळे या व्यायामाला धार्मिक रंग आहे, म्हणून सर्व धर्मांच्या मुलांना तो सक्तीचा करणे योग्य नाही, असा आक्षेप घेतला जातो. भवानरावांनी उच्चारांचे समर्थन मुख्यतः शारीरिक लाभाच्या भूमिकेवरून केले आणि इंग्रज वाचकांसमोरही व्यायाम म्हणूनच तो मांडला. तथापि हा वाद मिटला नाही. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या राज्यांत शाळांतील सूर्यनमस्कारांचा विषय निघाला तेव्हा तो पुन्हा उद्भवला.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. नमस्काराला पैसा लागत नाही, दूध, भाजी व कडधान्य यांना मात्र लागतो. दुष्काळी मुलखातील भूमिहीन मजुराच्या मुलाला आहाराचे नियम समजले तरी ते पाळणे त्याच्या हाती नव्हते. व्यायाम शाळेत होई आणि जेवण घरी होई. त्यामुळे कार्यक्रमाचा पहिला अर्धा भाग सर्व मुलांपर्यंत पोहोचला, तर दुसरा बव्हंशी उपदेशाच्या रूपात राहिला. औंधसारख्या लहान व गरीब संस्थानाच्या खजिन्यातून प्रत्येक मुलाला रोज जेवू घालणे शक्यही नव्हते.

विलीनीकरण आणि अखेर

८ मार्च, १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. भवानरावांचे निधन १३ एप्रिल, १९५१ रोजी झाले. अप्पासाहेब पंत हे पुढे भारताचे राजदूत म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले आणि वडिलांचे चरित्रही सांगितले.

वारसा

महाराष्ट्रातील अनेक शाळांत रथसप्तमीच्या दिवशी सामुदायिक सूर्यनमस्कार घातले जातात आणि शारीरिक शिक्षणाच्या तासातही ते शिकविले जातात. भवानरावांच्या कार्यक्रमातील अपुरा राहिलेला आहाराचा भाग शासकीय योजनेच्या रूपाने पुढे आला. १५ ऑगस्ट, १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार आज इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे.

औंधच्या ज्वारीच्या मुलखापेक्षा पूर्व विदर्भाची स्थिती निराळी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यातील पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यांत भात हे मुख्य अन्न असल्याने तांदळाचा कोंडा राखण्याचा प्रश्न तेथे थेट ताटाशी संबंधित आहे. या भागात व्यायाम, साधा आहार आणि ग्रामस्वच्छता यांचा संदेश प्रामुख्याने राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांच्या भजनांतून व 'ग्रामगीता' (१९५५) या ग्रंथातून पोहोचला. राजवाडा आणि खंजिरी अशा दोन निराळ्या ठिकाणांहून आलेल्या या दोन्ही प्रयत्नांत एक विचार समान आहे. खेड्यातील मुलाचे आरोग्य बाहेरून आणलेल्या महागड्या साधनांवर अवलंबून नसावे, ते त्याच्या अंगणात आणि शिवारात मिळणाऱ्या गोष्टींतून घडावे, असे दोघांनीही मानले. मात्र शिवार पिकले नाही तर मुलाच्या ताटात काय पडावे, ही जबाबदारी राज्यसंस्थेने उचलणे आवश्यक असते, हे औंधच्या अनुभवातून स्पष्ट होते.